स्वस्त चिप, महागडा सल्ला

कमी पैशांत जुना संगणक जोडायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: डोळे मिटून पेंटियम जी४५६० घे. हा सल्ला देणारे अडाणी नसतात. लॅमिंग्टन रोडवर वर्षानुवर्षं सुटे भाग विकणारे, वसतिगृहात मित्रांची मशिनं जोडून देणारे, स्वतः हातात स्क्रू-ड्रायव्हर धरणारे हे लोक आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. इंटेलचा जी४५६० बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ६४ डॉलर होती, तर त्याच वर्षी आलेल्या एएमडीच्या रायझन ३ १२०० ची १०९. एका कोअरच्या वेगात पेंटियम थोडा पुढेच आहे. ग्राफिक्स त्याच्या अंगचं आहे, रायझनला वेगळं कार्ड लावावं लागतं. विजेची भूकही पेंटियमलाच कमी. मग जवळजवळ पावणेदोनपट पैसे मोजायचे ते कशासाठी?

यातला प्रत्येक आकडा खरा आहे. तरीही त्यांतून काढलेला निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो, आणि आजही तो तितक्याच ठामपणे सांगितला जातो म्हणून त्याचा प्रतिवाद करणं गरजेचं आहे. या हिशेबात फक्त चिपची किंमत धरलेली आहे आणि तीही विक्रीच्या पहिल्या दिवशीची. चिप ज्या मदरबोर्डवर बसते तो, त्यावर चालणारे प्रोग्रॅम आणि पुढची पाच-सात वर्षं यांतलं काहीच त्यात येत नाही.

पेंटियमच्या पारड्यात जे आहे ते आधी मोकळेपणाने टाकतो. जानेवारी २०१७ मध्ये इंटेलची कॅबी लेक पिढी आली. त्याआधीच्या पिढ्यांत डेस्कटॉपचा पेंटियम म्हणजे दोन कोअर आणि दोनच थ्रेड, असं ठरलेलं होतं. हायपर-थ्रेडिंग हवं असेल तर निदान आय३ तरी घ्यावा लागे. जी४५६० ने ही भिंत पाडली. दोन कोअर, चार थ्रेड, ३.५ गिगाहर्ट्झ, ३ एमबी कॅश आणि किंमत ६४ डॉलर. तेव्हाच्या आय३-७१०० मध्येही दोन कोअर आणि चार थ्रेडच होते, वेग ३.९ गिगाहर्ट्झ आणि किंमत ११७ डॉलर. म्हणजे जवळजवळ आय३च निम्म्याच्या आसपास किमतीत मिळत होता. लोकांच्या उड्या पडल्या, माल अपुरा पडला, दुकानांत किंमत चढली. त्या काळात एएमडीकडे या किमतीला उत्तर म्हणून जुनी एफएक्स आणि ए मालिका तेवढी होती. त्या दिवसांत ज्यांनी जी४५६० घ्या असं सांगितलं, त्यांनी बरोबरच सांगितलं.

पण ते दिवस किती टिकले? २७ जुलै २०१७ ला रायझन ३ १२०० आला. चार खरे कोअर, ३.१ गिगाहर्ट्झ, गरजेला ३.४, कॅश ८ एमबी. जी४५६० ची सारी कीर्ती त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी नसताना, जेमतेम सहा-सात महिन्यांत कमावलेली आहे. इंटेलने स्वतः काय केलं तेही पाहायला हवं. ऑक्टोबर २०१७ मध्ये आय३-८१०० बाजारात आला, तो चार खरे कोअर घेऊन आणि त्याच ११७ डॉलरना. वर्षाच्या सुरुवातीला ज्या कंपनीने आय३ मध्ये दोन कोअर पुरेसे मानले होते, तिनेच दहा महिन्यांत तो मार्ग सोडला. दोन कोअर आणि चार थ्रेडचं ज्यांना आजही कौतुक आहे, त्यांनी निदान इंटेलचं तरी ऐकावं.

आता एका कोअरच्या वेगाचा मुद्दा. पेंटियम इथे पुढे आहे, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. मात्र तो तिथेच पुढे आहे, जिथे एकच काम एकाच कोअरवर चालू असतं. हायपर-थ्रेडिंग म्हणजे नेमकं काय हे इथे नीट समजून घ्यायला हवं. त्यात नवा कोअर मिळत नाही. एकाच कोअरमधली गणिती यंत्रणा दोन कामांत वाटली जाते. एक काम मेमरीची वाट पाहत थांबलं की दुसरं तेवढ्यात पुढे सरकतं. एकाच ओट्यावर दोन स्वयंपाकिणी उभ्या राहिल्या तर एकीची कणीक मळून होईपर्यंत दुसरी शेगडी वापरते, हे खरं. पण दोघींना एकदम शेगडी हवी झाली की एकीला थांबावंच लागतं. पोषक परिस्थितीत हायपर-थ्रेडिंगने पाव हिश्श्याची, फार तर तीस टक्क्यांची भर पडते. चौथा थ्रेड आणि चौथा कोअर एकाच मापाने मोजता येत नाहीत.

म्हणूनच सगळे कोअर एकदम कामाला लावणारी सिनेबेंच आर१५ सारखी चाचणी घेतली की निकाल फिरतो. एका कोअरला मागे असलेला रायझन ३ १२०० एकूण कामात साधारण पाव हिश्श्याने पुढे जातो, आणि हे त्याच्या मूळ वेगावर. त्याचा गुणक उघडा आहे. बी३५० चिपसेटच्या मदरबोर्डवर, सोबत आलेल्या पंख्यावरसुद्धा, तो बहुतेक वेळा ३.८ किंवा ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत नेता येतो. मग एका कोअरच्या पिछाडीचा हिशेबही जवळपास मिटतो. जी४५६० ला ही सोय नाही, तो ३.५ वर कुलूपबंद आहे. यात एक अट आहे: ए३२० चिपसेटच्या बोर्डावर ओव्हरक्लॉकिंग होत नाही. जुना माल घेताना बोर्डावरचा हा आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गेमच्या बाबतीत सरासरी फ्रेमचे आकडे पुढे केले जातात. दोन्ही प्रोसेसरना त्या काळचं मध्यम ग्राफिक कार्ड लावलं की अनेक गेममध्ये सरासरी जवळपास सारखी येते, हे मी नाकारत नाही. पण सरासरीत काय दडतं ते पाहा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात गेमचं मुख्य गणित, ग्राफिक कार्डाला आज्ञा पाठवणं, आवाज, पुढच्या परिसराची चित्रं डिस्कवरून उचलून उलगडणं, हे सगळं व्हायचं असतं. त्यात मागे अँटिव्हायरस चालू, मित्रांशी बोलण्याचा प्रोग्रॅम चालू, ब्राउझरच्या चार टॅब उघड्या. दोनच कोअर असले की या गर्दीत एखादी फ्रेम १६ ऐवजी ५० मिलिसेकंद घेते. सेकंदातल्या उरलेल्या फ्रेम वेळेवर आल्या तर सरासरी फारशी ढळत नाही, पण खेळणाऱ्याच्या हातात गाडी अचानक अडखळते, नेम चुकतो. चार खऱ्या कोअरवर हे अडखळणं स्पष्टपणे कमी होतं. सरासरी दाखवून ही गोष्ट झाकता येते, खेळणाऱ्याला मात्र ती जाणवतेच.

रायझनची एक खोट इथे सांगायला हवी. त्याचे चार कोअर दोन-दोनच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि एका गटातून दुसऱ्या गटात माहिती जायला वेळ लागतो. हा दुवा रॅमच्या वेगावर चालतो, त्यामुळे मंद रॅम लावली की १२०० ची चाल खुंटते. म्हणून त्याला २६६६ किंवा त्याहून वेगवान रॅम, शक्यतो दोन पट्ट्यांत लावावी. रॅमवर काटकसर करून रायझनला दोष देणारे अनेक आहेत, तो दोष रायझनच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आता अशा मुद्द्याकडे येतो, ज्याचा उल्लेख हा सल्ला देणारे जवळजवळ कधीच करत नाहीत, आणि माझ्या मते तो सगळ्यांत गंभीर आहे. इंटेलने २०११ पासून आपल्या कोअर मालिकेत एव्हीएक्स नावाचा सूचनासंच दिला. एकाच आज्ञेत अनेक संख्यांवर गणित करण्याची ही सोय. जी४५६० मध्ये ती बंद ठेवलेली आहे. पेंटियम आणि आय३ यांच्यात फरक राहावा म्हणून घातलेलं हे बंधन आहे. २०१७ मध्ये त्याचा सामान्य माणसाला उपद्रव नव्हता. पुढे झाला.

टेन्सरफ्लो हे यंत्रशिक्षणाचं सॉफ्टवेअर आज अभियांत्रिकीच्या आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास लागतं. २०१८ मध्ये आलेल्या १.६ आवृत्तीपासून त्याच्या तयार फायली एव्हीएक्स गृहीत धरूनच बनवलेल्या असतात. जी४५६० वर लिनक्स टाकून ते बसवा. बसवताना काही तक्रार येत नाही. मग पायथन उघडून ‘इम्पोर्ट टेन्सरफ्लो’ एवढी एक ओळ टाका. पडद्यावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असे शब्द उमटतात आणि पायथनच बंद पडतो. रॅम वाढवा, एसएसडी लावा, महागडं ग्राफिक कार्ड घाला, उत्तर तेच. प्रोसेसरला ती आज्ञा कळतच नाही. मार्ग दोनच उरतात: जुनी आवृत्ती शोधून त्यावर भागवायचं, नाहीतर मूळ कोडवरून एव्हीएक्सशिवाय स्वतः फायली तयार करायच्या, तेही दोन कोअरवर तासन् तास वाट पाहत. माँगोडीबी या डेटाबेसचंही तसंच. त्याच्या ५.० आवृत्तीपासून एव्हीएक्स सक्तीचं झालं आहे, आणि वेब डेव्हलपमेंट शिकणारा प्रत्येक दुसरा विद्यार्थी कधी ना कधी माँगोडीबी बसवतोच.

रायझन ३ १२०० मध्ये एव्हीएक्स आहे, एव्हीएक्स२ सुद्धा आहे. त्या पिढीचा रायझन एव्हीएक्स२ ची रुंद आज्ञा दोन तुकड्यांत चालवतो, म्हणून तो यात फार वेगवान नाही. पण काम होतं. हळू चालणारं मशिन विद्यार्थ्याला परवडतं, प्रोग्रॅमच न चालणारं परवडत नाही. वेगाच्या तक्त्यात दहा टक्के इकडे की तिकडे यावर वाद घालणाऱ्यांनी या रकान्याचा विचार करावा, जिथे एका बाजूला आकडाच लिहिता येत नाही.

हायपर-थ्रेडिंगवरच जी४५६० चा सगळा डोलारा उभा आहे, आणि तो खांबही पुढे डळमळला. ३ जानेवारी २०१८ ला मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. मेल्टडाउनचा फटका इंटेलला बसला, एएमडी त्यातून सुटलं. पुढे मे २०१९ मध्ये झॉम्बीलोड आणि तिच्या जातीच्या त्रुटी उघड झाल्या, त्यांत एकाच कोअरवरच्या दोन थ्रेडमध्ये माहिती झिरपण्याचा धोका होता. गुगलने क्रोम ओएसच्या ७४ व्या आवृत्तीत हायपर-थ्रेडिंग आपणहून बंद केलं. ओपनबीएसडीने तर त्याआधीच, जून २०१८ मध्ये तो निर्णय घेतला होता. घरच्या विंडोजवर कोणी ते बंद करत नाही, हे मान्य. एएमडीतही नंतर त्रुटी सापडल्या. २०२२ च्या रेटब्लीडमध्ये हे दोन्ही प्रोसेसर सापडतात. तरी एक फरक राहतोच. जी४५६० चं हायपर-थ्रेडिंग काढलं की हातात उरतो निव्वळ दोन कोअरचा साधा पेंटियम. रायझन ३ १२०० मध्ये अशी जोडथ्रेडची सोय मुळातच नाही, त्यामुळे ती बंद करण्याचा प्रश्नही येत नाही. त्याचे चार कोअर चारच राहतात.

विरोधी बाजूचा सगळ्यांत वजनदार मुद्दा ग्राफिक्सचा आहे. १२०० ला वेगळं ग्राफिक कार्ड लागतं, मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्याला फक्त टायपिंग, बँकेचं काम आणि व्हिडिओ पाहायचे आहेत, त्याच्यासाठी जी४५६० मधलं एचडी ६१० पुरेसं आहे. व्हीपी९ आणि १० बिट एचईव्हीसी व्हिडिओ ते स्वतः उलगडतं, ही त्याची खरी जमेची बाजू. अशा माणसाने कार्ड विकत घेऊन १२०० लावावा असं मी म्हणणार नाही. पण त्याच्यासाठीही एएमडीने फेब्रुवारी २०१८ मध्ये ९९ डॉलरना रायझन ३ २२००जी आणला: चार कोअर, ३.५ ते ३.७ गिगाहर्ट्झ आणि वेगा ८ ग्राफिक्स, ज्यावर हलके गेम कार्डाशिवाय चालतात. एचडी ६१० वर ती आशा धरू नये. आणि जो माणूस गेमसाठी मशिन जोडतो आहे, तो दोन्ही बाबतींत कार्ड घेणारच आहे. त्याच्यासाठी पेंटियममधल्या अंगभूत ग्राफिक्सचं मोल जवळजवळ शून्य. ज्याला कार्ड हवंच आहे त्याला ‘पेंटियममध्ये ग्राफिक्स फुकट मिळतं’ असं सांगणं म्हणजे त्याची दिशाभूल करणं आहे.

विजेचं गणित तर सहज करून पाहता येतं. उष्णतेची कमाल पातळी पेंटियमची ५४ वॉट, १२०० ची ६५. प्रत्यक्ष फरक त्याहून मोठा, अगदी २० वॉटचा धरू आणि मशिन रोज ६ तास चालतं असं मानू. वर्षाला साधारण ४४ युनिट होतात. घरगुती दराने ही रक्कम काही शे रुपयांच्या पलीकडे जात नाही. एवढ्यासाठी दोन कोअर आणि एव्हीएक्स गमावणं शहाणपणाचं नाही.

आता राहिला मदरबोर्ड, आणि माझ्या दृष्टीने निकाल इथेच लागतो. जी४५६० ज्या बोर्डांवर बसतो, ते इंटेलच्या १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटचे. त्यावर सर्वांत वरचा प्रोसेसर म्हणजे आय७-७७००के, चार कोअर, आठ थ्रेड. आठव्या पिढीचा आय३ त्याच एलजीए११५१ नावाच्या सॉकेटचा, पण त्याला ३०० मालिकेचा नवा बोर्ड लागतो. म्हणजे २०१७ मध्ये घेतलेल्या बोर्डाचा रस्ता त्याच वर्षी संपला. ‘पुढे जुना आय५ टाकता येईल’ असं सांगतात, आणि ज्याच्याकडे आधीच जी४५६० आहे त्याने आय५-६५०० सारखा चार कोअरचा, एव्हीएक्स असलेला जुना प्रोसेसर जरूर टाकावा. पण ही वाट एका पायरीवर संपते.

एएम४ सॉकेटची गोष्ट वेगळी आहे. रायझन ३ १२०० साठी घेतलेल्या बी३५० बोर्डावर, इतकंच काय ए३२० वरही, एएमडीने २०२२ मध्ये रायझन ५००० मालिकेला अधिकृत मान्यता दिली. बोर्ड बनवणाऱ्याने नवं बायॉस दिलेलं असलं की झालं. आधी जुना १२०० जागेवर असतानाच बायॉस अद्ययावत करायचं, मगच नवी चिप बसवायची. त्याच बोर्डावर सहा कोअर आणि बारा थ्रेडचा रायझन ५ ५६०० चालतो आणि त्याची वॉटची मर्यादाही १२०० इतकीच, ६५. चार कोअरवरून सहा नव्या कोअरवर जाताना बोर्ड, रॅम, कॅबिनेट, पॉवर सप्लाय सगळं तेच राहतं.

ही सोय आज किती मोलाची आहे हे विंडोजने दाखवून दिलं आहे. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ च्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत जी४५६० नाही. रायझन ३ १२०० सुद्धा नाही, २२००जी पण नाही. इथवर बरोबरी आहे, आणि लिनक्स दोघांवर उत्तम चालतं. पण ज्याला विंडोजच हवं आहे, त्याच्यापुढचा मार्ग पाहा. पेंटियमच्या बोर्डावर आय७-७७००के टाकला तरी तोही त्या यादीत नाही. म्हणजे त्याला बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही फेकून नव्याने खरेदी करावी लागते. एएम४ वाला नुसता प्रोसेसर बदलून यादीत येतो. २०१७ मध्ये चिपवर वाचवलेले ४५ डॉलर इथे व्याजासकट परत जातात.

मग जी४५६० कोणी घ्यावा? कार्यालयातून निघालेलं पूर्ण मशिन अगदी स्वस्तात मिळत असेल, त्यावर लिनक्स टाकून लिखाण, हिशेब आणि व्हिडिओ एवढंच करायचं असेल, तर खुशाल घ्यावा. त्या कामाला तो चोख आहे. पण गेमसाठी, प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी, व्हिडिओ जोडण्यासाठी, किंवा हळूहळू वाढवत न्यायच्या मशिनचा पाया म्हणून तो घेऊ नये.

माझी विनंती सल्ला देणाऱ्यांना आहे. समोरचा माणूस या मशिनवर काय करणार आहे, कोणते प्रोग्रॅम चालवणार आहे आणि तीन वर्षांनी पैसे हाती आले तर त्याच बोर्डावर काय बसवू शकेल, हे आधी विचारा आणि मगच चिपचं नाव घ्या. कमी पैशांचा संगणक घेणारा बहुतेक वेळा विद्यार्थी असतो, किंवा पहिलाच संगणक घेणारं एखादं घर. श्रीमंताचा सल्ला चुकला तर तो पुढच्या महिन्यात दुसरं मशिन घेतो. याला तेच मशिन पाच-सहा वर्षं वापरायचं असतं, त्याच्यावरच शिकायचं असतं. त्याच्यासाठी दर मोजायचा तो वापराच्या सगळ्या वर्षांवर, आणि त्या मापाने रायझन ३ १२०० आणि त्याचा एएम४ बोर्ड जी४५६० पेक्षा स्वस्त पडतो.